तीस वड्यांची ओळ

१

सकाळी पावणेदहाला फोन वाजला तेव्हा साबणवालीच्या दोन्ही हातांत तार होती. साबणाची लादी कापताना मध्ये थांबलं की काप वाकडा जातो, म्हणून तिनं फोन वाजू दिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिनं लादी संपवली, हात ॲप्रनला पुसले आणि फोन उचलला.

"वहिनी, अभिनंदन!" पलीकडे मुख्य बाजारातला जुना दुकानदार होता. "गणितात नवा शोध लावलात म्हणे."

"कसला शोध?"

"अहो, तुमचं नवं दरपत्रक आलंय ना आजच्या टपालानं. वाचून दाखवतो. अठ्ठेचाळीस नग घेतले तर पाच टक्के सूट. एकशे चव्वेचाळीस घेतले तर दहा. दोनशे अठ्ठ्याऐंशीला पंधरा. इथवर ठीक. पण सगळ्यांच्या वर काय लिहिलंय? 'तीस वड्या, दहा टक्के सूट, माल दुकानपोच.' म्हणजे जास्त घेणारा खुळा आणि कमी घेणारा शहाणा! मी आपला तीस-तीस करून चार वेळा मागवतो. घ्या लिहून."

"ती ओळ माझी नाही," साबणवाली म्हणाली.

"मग कुणाची? खाली नाव तर तुमचंच आहे."

दुपारपर्यंत असे अकरा फोन आले. अकराही जणांना तीसच हवे होते, आणि तेही दुकानपोच.

ते दरपत्रक बनवायला तिनं महिना घातला होता. कारखाना म्हणजे तरी काय, घराच्या मागची एक लांब खोली, वाळवणाच्या फळ्या, कापायची तार, आणि एक छोटी गाडी. डझनाचा एक खोका, चार खोक्यांची एक पेटी. नवरा होता तेव्हा कुणी सहा नग मागितले तरी तो गाडी काढायचा आणि वर सूटही देऊन यायचा. "नाही म्हणायला मला जमत नाही," म्हणायचा. तो गेला त्याला दोन वर्षं झाली, आणि गाडीची हिंडफीर मात्र तशीच चालू राहिली होती. कारखाना अशानं बसणार, हे तिला कळत होतं. म्हणून तिनं काळजावर दगड ठेवून टप्पे बांधले. एका पेटीच्या खाली सूट नाही आणि गाडीही नाही. ज्याला हवं त्यानं येऊन घेऊन जावं. पेटीच्या वर जसा माल वाढेल तशी सूट वाढेल. गाडी कमी फेऱ्या करील आणि भरून जाईल. साधी गोष्ट होती.

आता मात्र आगीतून फुफाट्यात. छापलेला शब्द पाळावा, तर गाडी रोज अर्धेमुर्धे खोके घेऊन नव्वद दारांत हिंडणार. मोडावा, तर नव्वद दुकानं म्हणणार, हिच्या कागदाचा भरवसा नाही. मोठ्या कंपनीचा शब्द मोडला तर लोक दुसरा मागतात. लहान माणसाचा मोडला तर दुसरा माणूस शोधतात.

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या. त्या रोज याच वेळी यायच्या.

"मागच्या आठवड्यातल्या वड्या वाळल्या का गं?"

"अजून महिना आहे, आई."

"हं. पाणी पी."

दोघींचं बोलणं हे असं असायचं. वाळणारा साबण, दूध, गळणारा नळ. एकमेकींना दोघी फार जपायच्या. तिसऱ्या माणसाचा विषय कुणीच काढायचं नाही.

सासूबाई गेल्यावर साबणवालीनं आत्याला फोन लावला. "आत्या, माझ्या कागदात कुणीतरी एक ओळ घुसवलीय. आणि कागद माझ्या माणसांपलीकडे कुठं गेलाच नव्हता."

२

आत्याला सगळं गाव तागडीआत्या म्हणायचं. वजनमापं तपासायच्या खात्यात तिनं एकतीस वर्षं काढली होती. ती दुकानात शिरली की दुकानदारांच्या कपाळाला घाम फुटायचा. निवृत्त झाली तरी भाजी घेताना ती आधी काटा बघायची, मग भाजी.

तिनं दरपत्रक डोळ्यांपासून लांब धरून दोनदा वाचलं आणि हसली.

"हसतेस काय?"

"चोर अडाणी आहे म्हणून हसले. तीसला दहा टक्के दिले आणि खालचे टप्पे तसेच ठेवले. धंदा कळणाऱ्यानं केलं असतं तर तीसला दोन टक्के ठेवले असते, तुला सहा महिने पत्ता लागला नसता. याला टप्प्यांशी काही देणंघेणं नाही. बरं, कागद कुणाकुणाच्या हातून गेला?"

"मी लिहिला. पाकिटात घातला. गाडीवाल्या काकांनी छापखान्यात नेला. छापून झाल्यावर तिथूनच टपालात."

"चल छापखान्यात. तागडी खोटी निघाली तर तागडीला शिव्या घालत बसू नये. पारड्याच्या खाली काय चिकटवलंय ते बघावं."

छापखानेवाल्यानं सगळे मूळ कागद एका तारेत टोचून ठेवले होते. त्यानं साबणवालीचा कागद काढून दिला. ओळ त्यावर होती. शीर्षक आणि पहिली ओळ यांच्यामधल्या जागेत, त्याच निळ्या शाईत, तिच्या अक्षराची नक्कल करून, जरा थरथरत लिहिलेली.

"मी आलं तसं छापलं," छापखानेवाला म्हणाला. "मला वाटलं होतं बरं का, की पीस कमी आणि सूट जास्त, हे कसं? पण गिऱ्हाइकाला गणित शिकवायला गेलं की गिऱ्हाईक जातं."

"पाकीट कसं आलं होतं? उघडं?" आत्यानं विचारलं.

"छे! डिंकानं पक्कं चिकटवलेलं. कात्रीनं फोडावं लागलं."

साबणवाली एकदम त्याच्याकडे वळली. "मी पाकीट चिकटवलं नव्हतं."

बाहेर आल्यावर तिनं आत्याचा दंड धरला. "बघ आत्या. छापखान्यात काही झालं नाही. म्हणजे मधला हात एकच उरला."

"घाई करू नकोस," आत्या म्हणाली.

पण साबणवालीच्या डोळ्यांपुढे काकांचा चेहरा येऊन बसला होता, आणि तो आता हलत नव्हता.

३

आधी आत्या वेष्टणाच्या टेबलापाशी गेली. तिथं सगळ्यांची मावशी बसायची; साबणाला कागद गुंडाळून खोके भरणं हे तिचं काम.

"तीसची मागणी आली तर तुम्हाला बरं की वाईट?" आत्यानं विचारलं.

"बरं कसलं! आम्ही डझनात मोजतो, बाई. तीस म्हणजे अडीच डझन. तो अर्धा डझन ठेवायचा कुठल्या खोक्यात? मोकळ्या जागेत कागदाचे बोळे कोंबत बसायचं. ज्यानं हे केलं त्याला आणा इथं, बोळे करायला बसवते."

आत्यानं मान डोलावली आणि जावक वही मागवली. कुठल्या दुकानात कधी किती माल गेला ते त्यात असायचं. तिनं दोन वर्षांची पानं उलटली. कुणी अठरा घेत होतं, कुणी साठ. तीस घेणारं दुकान फक्त एक होतं, रस्ता संपतो तिथलं, शेवटच्या थांब्यावरचं. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी, न चुकता, तीस. आणि गाडी परतायची वेळ दर खेपेला दोन तास उशिराची.

काका गाडी पुसत होते. साठीचा माणूस, नवऱ्याच्या वेळेपासून कामावर होता. साबणवालीनं वही त्यांच्या पुढ्यात धरली.

"काका, शेवटच्या थांब्यावर तुम्ही दोन तास काय करता?"

काकांचा हात थांबला. "माल उतरवतो."

"तीस नग उतरवायला दोन तास?"

काका पुन्हा काच पुसायला लागले.

"नव्या दरानं त्या दुकानाला गाडी मिळणार नव्हती. मग ही ओळ आली, आणि एकाच दुकानाच्या मापाची आली. तुमचं तिथं काय आहे ते मला सांगा, काका. मी रागावणार नाही."

"वहिनी, तीस नगांची ती ओळ मी लिहिली नाही. आणि दोन तासांचं मला सांगता येत नाही. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"तेच तर सांगायचं नाही, असा शब्द आहे."

दोन वर्षं साबणवालीनं आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. तिनं फक्त हात पुढे केला. काकांनी खिशातून गाडीची किल्ली काढली, फडक्यानं पुसली आणि तिच्या तळहातावर ठेवली. जाताना दारात थांबून म्हणाले, "पाकीट मला चिकटवूनच मिळालं होतं, वहिनी. एवढं लक्षात ठेवा." मग ते गेले.

"चोराच्या मनात चांदणं," साबणवाली म्हणाली, पण तिचा स्वर ओला होता.

आत्या दरपत्रकाकडे बघत होती. "'मिळालं' म्हणाला. पाकीट तू त्याच्या हातात दिलं होतंस?"

"मी जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं. त्या दिवशी मला साबणाचा कॉस्टिक सोडा आणायला जायचं होतं." ती थांबली. "का?"

"ही ओळ वाच. सगळे जण 'दहा टक्के'कडे बघताहेत. शेवटचा शब्द वाच."

"दुकानपोच."

"लिहिणाऱ्याला सूट नकोच होती गं. त्याला गाडी हवी होती."

४

गाडी साबणवालीनंच चालवायला घेतली. शेवटचा थांबा चाळीस किलोमीटरवर होता. या रस्त्यावर ती कधी आली नव्हती, आणि गेली दोन वर्षं तर मुद्दाम आली नव्हती. त्या शेवटच्या दिवशी नवरा याच रस्त्यानं परतला होता. गाडी अंगणात लावली, पायरीवर बसला, छातीत कळ आली म्हणाला, आणि दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं होतं.

आत्या शेजारच्या सीटवर बसली आणि उठली. तिच्या खाली उशी होती. "ही कुणाची?"

"काकांची असेल. कंबर दुखते त्यांची."

"कंबर ड्रायव्हरची आणि उशी शेजारच्या सीटवर?"

साबणवालीनं उशीकडे नीट बघितलं. खोळ ओळखीची होती, निळ्या ठिपक्यांची. घरात अशा दोन होत्या. पण मन कधीकधी ओळखीची गोष्टही ओळखत नाही. तिनं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि पुढे बघत राहिली.

रस्ता गावं मागे टाकत अरुंद होत गेला. बसचा शेवटचा थांबा म्हणजे एक वळसा, एक पत्र्याची शेड आणि एक दुकान. दुकान इतकं लहान की दोन गिऱ्हाइकं आली तर तिसऱ्यानं बाहेर उभं राहावं. साबणाची एकच फळी होती. आत्यानं बाहेरूनच मोजलं. सहा-सहाच्या पाच रांगा. एकतिसावा साबण ठेवायला जागा नव्हती.

दुकानदार चाळिशीचा, ढिल्या स्वेटरमधला माणूस. गाडी ओळखून तो हसत बाहेर आला. स्टिअरिंगवर काकांऐवजी बाई बघून गोंधळला. मग त्यानं वाकून शेजारच्या सीटकडे बघितलं, मागे बघितलं.

"आज बुधवार नाही," तो म्हणाला. "आणि आजी कुठायत? आजी बऱ्या आहेत ना?"

५

दुकानापुढच्या बाकावर साबणवाली बसली. 

"तुला आधीच कळलं होतं," ती आत्याला म्हणाली.

"संशय होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा घातला आपण." आत्या तिच्या शेजारी बसली. "त्या ओळीत आहे 'वड्या'. तू लिहितेस नग. काका म्हणतात नग. छापखान्यात पीस. मावशी डझनाशिवाय बोलत नाही. वडी कोण म्हणतं? जिला साबण विकायचा नाही, ती. जी घरात आहे. मग डिंक. काकांना वाटेत ओळ घालायची असती, तर त्यांनी तुझं उघडं पाकीट उघडंच नेलं असतं. चिकटवून उलट बोट स्वतःकडे कोण वळवून घेईल? चिकटवलं ते काकांनी वाटेत वाचू नये म्हणून. म्हणजे काकांच्या आधीच्या हातानं. टेबलावरून काकांपर्यंत पाकीट आपलं आपण चालत गेलं का?"

"आईंना मीच सांगून गेले होते. काका आले की द्या म्हणून." साबणवालीनं कपाळ धरलं. "तुला सांगताना मी त्यांना मोजलंच नाही."

"घरच्यांना आपण मोजत नाही. आणि बुधवारी त्या कुठे जातात?"

"वाचनालयात. म्हणजे, मला तसं सांगतात."

तिला आठवलं, दरपत्रकाबद्दल ती जेवताना बोलली होती. 'तीस नगांसाठी चाळीस किलोमीटर गाडी कोण नेणार, ते शेवटच्या थांब्याचं दुकान तर पहिलं बंद,' असं म्हणाली होती. आणि सासूबाईंनी हातातला घास परत ताटात ठेवला होता. तिला वाटलं होतं, भूक नसेल.

"पण इथं त्या येतात कशाला?" तिनं दुकानदाराला विचारलं.

दुकानदार काउंटरच्या आत गेला, जसा काही आडोसा हवा होता. "दादांची शेवटची खेप माझ्याच दुकानात झाली. म्हणून त्या पहिल्यांदा आल्या. दादा गेले त्याच्या पुढच्या महिन्यात. म्हणाल्या, माझा मुलगा इथं काय बोलला, सगळं सांगा."

"काय बोलला होता?"

त्यानं मान खाली घातली. "ताई, दादा माझ्याकडे जेमतेम पाचसहा वेळा आले असतील. घाईत असायचे. तीस नग ठेवायचे, पाणी प्यायचे. त्या दिवशीही पाणी प्यायले आणि 'बरं, येतो' म्हणाले. बस्स. एवढंच."

साबणवालीनं ओठ दाबले. त्या सकाळी घरातून निघताना तिलाही तो तेवढंच म्हणाला होता. येतो.

"आता चाळीस किलोमीटर आलेल्या आईला एवढंच कसं सांगू? एक शब्द? त्या इथं बसल्या होत्या, तुम्ही बसलात तिथंच. मी म्हटलं, दादा तुमच्याबद्दल बोलत होते. त्यांचा चेहरा असा उजळला, की मी पुढे सांगत सुटलो. जाताना म्हणाल्या, पुढच्या महिन्यात येऊ का? मी काय नाही म्हणणार होतो? तेव्हापासून दर महिन्याला काहीतरी जुळवतो. महिनाभर विचार करून ठेवतो. पाप लागायचं तर लागो."

आत्या उठली. "मी जरा तुमचा काटा बघते," असं म्हणून ती आत दुकानात गेली. काट्यात तिला काही रस नव्हता असं नाही, पण ती गेली ती त्यासाठी नव्हे.

साबणवालीला राग यायला हवा होता. दोन वर्षं एका म्हाताऱ्या बाईला बनवणारा माणूस पुढ्यात उभा होता. पण तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"काय काय सांगितलंत?"

"सांगू?"

"सगळं."

त्यानं सांगितलं. दादा त्या वळणावर गाडी थांबवून डोंगराकडे बघत बसायचे. दादा गाणं म्हणायचे, आवाज गोड होता. एकदा बसमधून उतरलेल्या एका आजोबांना दादांनी घरापर्यंत सोडलं. एकदा म्हणाले, आईच्या हातच्या सांजवेळच्या चहाला तोड नाही. साबणवाली ऐकत राहिली. गाणं त्याला येत नव्हतं. दोन ओळीही सुरात नाहीत. डोंगर बघायला त्याला कधी सवड नव्हती. सगळं खोटं आहे हे तिला कळत होतं, आणि तरी तो थांबला की ती म्हणत होती, "अजून?" तहानलेल्याला पाणी कुठल्या विहिरीचं हे सुचत नाही, तसं तिचं झालं. दोन वर्षांत त्याच्याबद्दल कुणी इतकं बोललंच नव्हतं, खरं किंवा खोटं.

निघताना दुकानदार गाडीपर्यंत आला. "आजींना सांगू नका, ताई. त्यांना खरं वाटतंय."

"नाही सांगत," ती म्हणाली.

"तुमचा काटा पाच ग्रॅम मागे आहे," आत्या खिडकीतून म्हणाली. "तुमच्याच तोट्याचा आहे. नीट करून घ्या."

६

परतताना गाडी आधी काकांच्या दारी थांबली. काका ओट्यावर बसून जोडे शिवत होते. साबणवालीनं किल्ली त्यांच्या शेजारी ठेवली.

"काका, चुकलं माझं. हात जोडते. तुम्ही शब्द पाळलात आणि मी तुम्हाला चोर ठरवलं."

काकांनी किल्लीकडे बघितलं. ती लगेच उचलली नाही. तेवढा त्यांचा हक्क होता. "आजींना काही बोलू नका," एवढंच म्हणाले. मग जरा वेळानं, "उद्या कुठली खेप आहे?"

"बाजारातली. त्या जुन्या दुकानदाराला तीस नग द्यायचेत, दहा टक्क्यांनी. महिनाभर तरी छापलेला शब्द पाळायचा." वाटेत तिनं ठरवलं होतं. टप्पे तिनं आपल्या पेटीकडे बघून बांधले होते. दुकानातली फळी जाऊन कधी बघितलीच नव्हती. पुढच्या महिन्यापासून तीसला तीन टक्के, अठ्ठेचाळीसला पाच, वरचं तसंच. आणि लहान दुकानांची गाडी महिन्यातून एकदाच, ठरलेल्या बुधवारी, सगळ्यांची मिळून. गाडी भरून जाईल.

आत्या चहाला थांबली नाही. "आता माझं काम नाही," म्हणाली.

सासूबाई स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून वेष्टणाचे कागद चौकोनी कापत होत्या. उन्हाचा पट्टा टेबलावर आला होता. साबणवाली समोरच्या खुर्चीवर बसली. तिच्या हातात निळ्या ठिपक्यांची उशी होती.

सासूबाईंनी उशी बघितली. कात्री खाली ठेवली. 

"तुझं फार नुकसान झालं का गं?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं, दहा म्हणजे अगदी थोडे."

"निस्तरता येईल ते, आई. तुम्ही मला सांगितलं का नाहीत? मी गाडी पाठवलीच असती."

"काय सांगणार होते? त्याचा विषय काढला की तू उठून कारखान्यात जायचीस. एकदा गेलीस, दोनदा गेलीस. मग मी काढायचा सोडला. तुला त्रास नको म्हणून."

"आणि मला वाटायचं तुम्हाला त्रास होईल."

"हो. दोघी शहाण्या." सासूबाईंनी एक कागद उचलला, पुन्हा ठेवला. "तो दुकानदार भेटला?"

"भेटला. भला माणूस आहे." ती कबूल केल्याप्रमाणे गप्प राहिली.

"भला आहेच. खोटारडा आहे, पण भला आहे."

साबणवालीनं चमकून वर बघितलं.

"अगं, म्हणे माझा मुलगा गायचा! मी जन्म दिलाय त्याला. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मास्तर त्याला नुसतं तोंड हलव म्हणायचे. आणि माझा चहा? त्याला माझा चहा कधी आवडला नाही, तुझाच आवडायचा. पहिल्या दिवशीच कळलं मला, की हा जुळवून सांगतोय."

"मग दोन वर्षं कशाला गेलात, आई?"

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "तो त्याचं नाव घेतो गं. चांगले दोन तास घेतो. दर वाक्यात. या घरात मी एकटी असले की कधी कधी मीच मोठ्यानं म्हणून बघायचे, पण आपलं आपणच हाक मारल्यात काय आहे? दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं की वाटतं, तो अजून कुणाच्या तरी ओळखीचा आहे."

साबणवालीनं खुर्ची मागे सारली. ती उठली. सासूबाईंना वाटलं, ही आता कारखान्यात जाणार; त्यांनी हळूच कात्री उचलली. पण ती टेबलाला वळसा घालून आली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

मग तिनं त्याचं नाव घेतलं. दोन वर्षांनी ते जिभेला जरा परकं लागलं, म्हणून तिनं पुन्हा घेतलं.

"साबणात कॉस्टिक जास्त राहिलंय का ते तो जिभेला लावून बघायचा," ती म्हणाली. "ठाऊक आहे तुम्हाला?"

"जिभेला? वेडा का काय!"

"मी ओरडायचे. एकदा साबणाचा अख्खा घाणा कच्चा राहिला होता आणि याची जीभ अशी भाजली की दिवसभर शब्द फुटेना. नेमका त्याच दिवशी तो बाजारातला जुना दुकानदार आला, सूट मागायला. म्हणाला, दहा टक्के द्या. हा गप्प. तो म्हणाला, बरं, आठ द्या. हा नुसता बघतोय त्याच्याकडे, डोळ्यांत पाणी, कारण जीभ पेटलीय. तो म्हणाला, पाच. हा गप्प."

सासूबाईंचे खांदे हलायला लागले होते. त्यांनी पदर तोंडाला लावला; हसतायत की रडतायत ते कळत नव्हतं, आणि त्यांनाही कळत नसावं.

"शेवटी तो दुकानदार घाबरला. म्हणाला, राहू द्या सूट, पेट्या मात्र दोन जास्त पाठवा. आणि गेला. आयुष्यात तेवढी एकच वेळ त्यानं कुणाला सूट दिली नाही."

"आणि मग?" सासूबाईंनी डोळे पुसत विचारलं. "तो गेल्यावर माझ्या पोरानं काय केलं?"

साबणवालीनं खुर्ची जवळ ओढली आणि पुढचं सांगायला लागली.